दुनाली की शंभरी

१८ जानेवारी २००४, रविवार. ठरलेली रक्कम चौदा हजार रुपये. हजर माणसं चार: माझी थोरली वहिनी, नागपूरहून गाडी पाहायला आलेला गिऱ्हाईक, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आणि मी. जागा वहिनीच्या घरासमोरचं अंगण. गिऱ्हाइकाने रक्कम सांगितली, वहिनीने मान हलवली आणि मी "चौदा हजार, एकरकमी" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हटलं. राइस मिलमध्ये मुनीम म्हणून इतकी वर्षं काढल्यावर ही सवय लागतेच. रक्कम चार जणांसमोर मोठ्याने म्हटलेली असली की नंतर कोणी "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणत नाही, असा माझा समज होता. तो समज त्या वर्षी गेला.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल, दोन सायलेन्सरांची. म्हणून आमच्या भागात तिला दुनाली म्हणायचे, बंदुकीसारखी. तिची किक आणि गिअर एकाच दांडीवर. नवीन माणूस ती दांडी कशी फिरवायची हे शोधत बसायचा आणि भाऊ बाजूला उभा राहून हसायचा. नव्वद सालच्या आसपास भाऊ नागपूरला मोटोक्रॉसच्या शर्यतींना जायचा. मातीच्या उंचवट्यांवरून गाड्या उडवायचा तो खेळ. त्यासाठी त्याने दुनालीचं पुढचं मडगार्ड उंच केलं, सायलेन्सर वर वळवून घेतले, गाठीचे टायर चढवले, हेडलाइट काढून तिथे पत्र्याची नंबरपाटी बसवली. बक्षिसं फार मिळाली नाहीत. दोनदा तिसरा नंबर, एकदा दुसरा. पण गाडी त्याने मरेपर्यंत पुसून ठेवली. २००१ मध्ये कावीळ झाली, त्यात तो गेला. दुनाली ओसरीत पोत्याखाली उभी राहिली.

वहिनीला ती विकायची होती आणि कशासाठी विकायची तेही पक्कं होतं. तिचं घर रस्त्याला लागून. तिथे तिला मिरची कांडायची मशीन टाकायची होती. आसपासच्या सात-आठ गावांत अशी मशीन नव्हती. बाया मिरची डोक्यावर घेऊन तालुक्याला यायच्या. मोटरसकट नवी मशीन साडेतेरा हजारांना येत होती, मी गोंदियाला दोन दुकानांत विचारून आलो होतो. मार्च, एप्रिल, मे हे मिरचीचे महिने. तेवढ्यात मशीन सुरू झाली तर पहिल्याच वर्षी वर्षभराचा खर्च निघाला असता. उशीर झाला तर पुढचा उन्हाळा. एवढा साधा हिशेब होता.

आता माझ्या साळ्याबद्दल, म्हणजे बायकोच्या त्या धाकट्या भावाबद्दल. त्याच्याकडे शंभर सीसीची जपानी इंजिनाची टू-स्ट्रोक होती. ती शंभरी. हलकी, तडतडी, पिकअपला जोरदार. गाडी चांगली होती, ते मी कधीच नाकारलं नाही. संताप यायचा तो त्याच्या बोलण्याचा. बस स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर दुनाली की शंभरी हा वाद आमच्यात दहा वर्षं चालला. भाऊ होता तोवर त्याच्यात आणि साळ्यात, भाऊ गेल्यावर माझ्यात आणि साळ्यात. "दम पायजे दम, पिकअपले काय चाटता?" हे भावाचं ठरलेलं वाक्य. मी कधी शर्यतीत उतरलो नाही. पण भावाच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं होतं.

"जिजाजी, दुनाली म्हंजे रेडा," साळा म्हणायचा. "तिले गाडी काऊन म्हनता? नांगराले जुपा."

"वजनात फरक किती?"

"भौत."

"भौत म्हणजे किती?"

"आता किलोत सांगू का तुम्हाले? मी काय काट्यावर बसून राहिलो?"

"चाळीस किलोच्या आतबाहेर. पण धान कापलेल्या बांधीत, भेगा पडलेल्या जमिनीवर, दीड फुटाच्या धुऱ्यावर चढायचं असेल तर दुनाली दुसऱ्या गिअरमध्ये हळू चढते. तुझी शंभरी आवाज काढते, पुढचं चाक उचलते आणि धुऱ्याच्या अलीकडेच बसते."

"बसते? बसते का? चाला, आत्ताच चाला कोनत्याही बांधीत!"

असं म्हणून तो उठायचा आणि भजी आली की पुन्हा बसायचा. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्या कडेच्या मातीच्या बांधाला धुरा. टपरीवाला हिंदी बोलणारा. तो म्हणायचा, "दोनों गाड़ी मेरे को दे दो, मैं दूध लाने जाऊंगा." समोरच्या पेट्रोल पंपावर काम करणारा एक मध्यमवयीन माणूस रोज आमच्याच बाकावर चहा प्यायचा. तो दोघांकडे आळीपाळीने बघायचा आणि जो शेवटी बोलेल त्याच्याकडे मान हलवायचा. सगळे तसेच. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. मी वजन सांगायचो, एका लिटरला किती जाते ते सांगायचो, कुठला सुटा भाग कुठे आणि केवढ्याला मिळतो ते सांगायचो. तो "भौत" म्हणायचा आणि मांडीवर थाप मारायचा. थापेला टाळ्या मिळायच्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलबरोबर तेलही लागतं. त्या तेलाला पंपावर सगळे "टूटी" म्हणत. डब्यावरचा इंग्रजी आकडा आणि अक्षर जसं तोंडात बसलं तसं ते नाव. शंभरीला या तेलाची टाकी वेगळी असते. ती भरून ठेवली की गाडी लागेल तसं तेल आपलं आपण घेते, आणि पेट्रोलच्या टाकीत नुसतं पेट्रोल टाकायचं. दुनालीचं तसं नाही. तिला वेगळी टाकीच नाही. प्रत्येक वेळी पेट्रोलमध्ये माप पाहून टूटी मिसळावी लागते. नाही मिसळली तर पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. दुनाली चालवणाऱ्याला ही पहिली गोष्ट माहीत असते. म्हणजे असायला हवी.

नागपूरचा गिऱ्हाईक जुन्या मोटोक्रॉसच्या गाड्या जमवायचा. "विंटेज है, रख के देखने की चीज है," असं तो म्हणाला. पण त्याची एक अट होती. गाडी आधी शर्यतीत पळताना दिसली पाहिजे. उभी गाडी घेऊन तो पूर्वी फसला होता. फेब्रुवारीत शेजारच्या गावी शंकरपट भरणार होता. बैलजोड्या पळून झाल्या की शेवटच्या दिवशी दुपारी पटाच्या त्याच मैदानावर आणि लगतच्या धान कापलेल्या बांध्यांतून मोटारसायकली पळवायचा प्रघात दोन-तीन वर्षांपासून सुरू झाला होता. गिऱ्हाईक म्हणाला, तिथे तीन फेऱ्या मारून दाखवा, चौदा हजार तिथेच देतो.

चालवणार कोण? वहिनीने साळ्याचं नाव घेतलं. भागात त्याच्याइतकी गाडी उडवणारा दुसरा नव्हता, हे खरं होतं. भावाच्या हयातीत त्याने दुनाली चालवलीही होती. टाकी भरलेली गाडी घ्यायची, फिरवायची आणि आणून लावायची, इतपत. मी वहिनीला बाजूला घेऊन म्हणालो, "ज्याला गाडीच पसंत नाही त्याच्या हाती ती कशाला?"

"त्याले पसंत नाही तं काय झालं, भाऊजी? चालवता येते ना त्याले?"

मी अंगणात परत येऊन साळ्याला पटाची तारीख सांगितली.

दुनाली गोंदियाला एका मिस्त्रीकडे दिली. तीन वर्षं उभी राहिलेली गाडी. त्याने कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, चेसिसला जुनी वेल्डिंग होती ती तपासली. पटाच्या दिवशी सकाळी साळा टेम्पो घेऊन ती आणायला गेला आणि तशीच मैदानावर घेऊन आला. मला मिलमधून सुटायला उशीर झाला. मी बसने पोचलो तेव्हा दुपार झाली होती, गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि दुनाली चालू होती. मध्ये दोन-तीनशे माणसं आणि दोराचं कुंपण. मी लांबून पाहिलं आणि गर्दीत घुसलो. दुनाली सुरू झाली की मागे निळसर धुराची शेपूट निघते. मिसळलेलं तेल जळतं त्याचा तो धूर. इथे धूरच नव्हता. शेजारच्या गाड्यांच्या मागे होता, हिच्या मागे नव्हता. मी ओरडलो. लाऊडस्पीकरवर पुढच्या वर्षीच्या पटाच्या वर्गणीचं आवाहन चाललं होतं. त्यात माझा आवाज कोण ऐकणार?

शर्यत सुटली. पहिल्या फेरीत दुनाली तिसरी होती. पहिला धुरा ती जशी चढली ते बघून, खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा भाऊ अशीच चढवायचा, ना आवाज ना उडी, हत्ती पायरी चढल्यासारखी. शंभरीवाली पोरं धुऱ्याला अडत होती आणि ही दोघांना टाकून पुढे गेली. नागपूरवाला माझ्या पुढेच दोराला टेकून उभा होता. त्याने टाळी वाजवली. वहिनी बायांच्या घोळक्यात पदर डोक्यावर घेऊन उभी होती. दुसऱ्या फेरीत मैदानाच्या सरळ पट्टीवर साळ्याने चौथ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ पिळली. मागचं चाक एकदम थांबलं. गाडी घसरत गेली, आडवी झाली, साळा पुढे गवतात लोळला. लागलं काही नाही, फक्त कोपर खरचटलं.

आणि लाऊडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "दुनाली फुस्स! दुनाली फुस्स! म्हातारीले घरी न्या बाप्पा!"

मैदान हसलं. सगळं मैदान. शर्यतीनंतर महिनाभर तालुक्यात मला कोणीही भेटला की म्हणायचा, "काय मुनीमजी, दुनाली फुस्स?" त्या एका वाक्याने निकाल लागला होता. गाडी का थांबली, हे एकानेही विचारलं नाही.

मी गाडीजवळ गेलो. टाकीचं झाकण काढून आत बोट बुडवलं आणि चोळून पाहिलं. तेल मिसळलेलं पेट्रोल उडून गेलं की बोटाला चिकटपणा राहतो. माझं बोट कोरडं होतं.

"यात टूटी घातली नाहीस," मी साळ्याला म्हणालो.

"मिस्त्रीनं थोडं पेट्रोल टाकून देल्लं होतं ना टाकीत. मी वरून डबकीतलं दोन-अडीच लिटर टाकलं."

"डबकीतलं म्हणजे तुझ्या शंभरीचं? साधं पेट्रोल?"

"मिस्त्रीनं टाकली असन ना जी तेल! मले काय मालूम? अन् जिजाजी, गाडीच कमजोर हाय. दुनाली तापतेच. दहा सालापासून सांगून राहिलो मी तुम्हाले."

हे त्याचं उत्तर पुढे दीड-दोन महिने राहिलं. आणि टपरीवरच्या गप्पांचा मामला इथे संपला हे मला तिथेच कळलं. दुनाली कमजोर असेल, तापून आपोआप जाम झाली असेल, तर साळ्याचा दोष नाही आणि नुकसान वहिनीचं. दुनाली भक्कम असेल, तर जाम करणारा साळा आणि नुकसान त्याचं. कोणती गाडी चांगली, यावर आता वहिनीची मशीन अडकली होती.

नागपूरवाला आला. वाकून इंजिनाकडे बघितलं, किकची दांडी दाबली, ती हलली नाही. "छह हजार," तो म्हणाला.

"चौदा ठरले होते," मी म्हणालो. "चार जणांसमोर."

"चलती गाड़ी के चौदह, साहब. ये तो खड़ी है."

त्याच्या जागी तो बरोबर होता, म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला. वहिनी जवळ आली होती. तिने एकदा गाडीकडे आणि एकदा साळ्याच्या कोपराकडे पाहिलं. म्हणाली, "हळद लाव त्याले," आणि टेम्पोकडे चालायला लागली.

गाडी पुन्हा गोंदियाला गेली. सिलिंडर बोअर करणं, नवा पिस्टन, रिंगा, मजुरी असे दोन हजार तीनशे चाळीस झाले. मिस्त्री म्हणाला, "मैंने तो तेल का साफ बोल के गाड़ी दी थी." साळा म्हणाला, "मिस्त्री खोटा बोलते. मी विचारून घेतलो, गाडी चांगली हाय म्हनला." दोघेही शपथ घ्यायला तयार. दोघांपैकी एकाचं तरी खोटं असणार, असं धरून मी चाललो होतो. मिस्त्रीचे पैसे मी माझ्या खिशातून दिले, कारण त्याने घाम गाळला होता आणि वाद आमचा घरचा होता. ते पैसे साळ्याकडून घ्यायचे हे मी तेव्हाच ठरवलं.

मार्च संपला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी टपरीवर मी पुन्हा विषय काढला. साळा आधीच बाकावर होता. टपरीवाला, पंपावरचा माणूस आणि बसची वाट बघणारे चार-सहा जण होते.

"दोन हजार तीनशे चाळीस," मी म्हणालो. "आणि वहिनीचं जे कमी येईल ते."

"मी एक पैसा नाही देत. कमजोर गाडीले मी काय करू?"

"गाडी कमजोर नव्हती. कोरडी होती."

"कोरडी? कोन म्हनते कोरडी? मिस्त्रीले इचारा तुमच्या!" तो उभा राहिला. मांडीवर थाप बसली. "मी त्याले इचारलो, भाई, वेल्डिंग-बिल्डिंग कहीं टूटी-फूटी तो नहीं? तो बोलला नहीं. मंग मी टेम्पोत चढवून राहिलो गाडी, तं मागून पुन्हा बोंबलला तो, 'ए भैया, टूटी नहीं है, टूटी नहीं है!' दोनदा! मी बोललो हाँ हाँ, मालूम है. आता बोला! जे गाडी टुटली नाही म्हनून मिस्त्री सोताहून बोंबलते, ते मैदानात काऊन टुटली? कमजोर होती म्हनून!"

मग पंपावरच्या माणसाच्या नाकातून चहा बाहेर आला.

"अरे बाबा," तो खोकत म्हणाला, "टूटी! टूटी नहीं है! तेल नहीं है बोल रहा था वो तेरे को!"

टपरीवाल्याने किटली खाली ठेवली आणि पोट धरलं. बसची वाट बघणारेही हसले. साळा उभाच होता. त्याचं तोंड उघडं होतं. त्याच्या डोक्यात ते वाक्य उलटं फिरून परत येताना मला समोर दिसत होतं. बरं, शंभरीत तो आठवड्याला टूटी टाकायचा. पंपावर जाऊन "टूटी दे" म्हणायचा. शब्द त्याला माहीत नव्हता असं नाही. पण दहा वर्षं ज्या गाडीला तो शिव्या घालत आला, तिच्यात तेल कुठे टाकतात हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो शब्द त्याला तेलाचा वाटलाच नाही.

मी हसलो नाही. हसण्यामुळे काय होतं ते मी पटाच्या मैदानावर पाहिलं होतं. आणि झालंही तसंच. पाच मिनिटांत टपरीवर मत फिरलं. "मिस्त्रीनं मराठीत सांगायला पायजे होतं." "गोंदियावाले असेच, अर्धं हिंदी." "जाऊ द्या मुनीमजी, गंमत झाली." गंमत! वहिनीची मशीन आली नाही, उन्हाळा निम्मा गेला, तरी ही गंमत. आणि साळाही हसायला लागला. स्वतःच्या चुकीवर सगळ्यांत मोठ्याने हसला तो. त्याला कळलं होतं की हसलं की सुटता येतं.

मी त्याच्या समोर जाऊन म्हणालो, "हसून झालं की पैसे."

"जिजाजी, तुम्ही बी ना..."

"मिस्त्रीचे दोन हजार तीनशे चाळीस मला. चौदातून जे कमी येईल ते वहिनीला. या सगळ्यांसमोर हो म्हण, नाहीतर मी तुझ्या बहिणीला सांगतो."

मी बायकोची धमकी दिली याची मला लाज वाटत नाही. ती त्याची थोरली बहीण, आणि जगात तो फक्त तिलाच भितो. तो हो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी सायकल काढून वहिनीकडे गेलो. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. दुनालीचा दोष नव्हता, भावाची गाडी भक्कम होती, हे आता साळ्याच्याच तोंडून सिद्ध झालं होतं. मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. ती सुपात तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं.

"टूटी होती का नव्हती, मले काय त्याचं, भाऊजी?" ती म्हणाली. "एप्रिल लागला ना. बाया मिरची घेऊन घरासमोरून जाऊन राहिल्या."

"पण त्याने कबूल केलं..."

"कबूल केलं तं पैसे आना. तुम्ही दोघं अन् ते, जिते होते तवापासून तुमचं हेच. कोनती गाडी चांगली, कोनती गाडी चांगली. मले मशीन चांगली पायजे."

ते तिने चिडून म्हटलं आणि सूप जोरात आपटलं. मी तिच्यावर रागावलो नाही. पण परत येताना रस्ताभर माझा राग दुप्पट झाला होता. तिला गाडीच्या इज्जतीशी देणंघेणं नव्हतं, ठीक. मग ते कोणाला होतं? मला एकट्याला?

नागपूरवाल्याला मी दोनदा फोन केला, एसटीडी बूथवरून. मेमध्ये तो आला. दुनाली सुरू झाली, धूर काढला, अंगणात आणि रस्त्यावर चालून दाखवली. तो म्हणाला, "इंजिन खुल चुका है, अब वो बात नहीं." साडेदहा हजार दिले. घासाघीस करून बघितली, तो तेवढ्यावरच अडला. वहिनीने घेतले, कारण आणखी थांबायची तिची तयारी नव्हती. देवरीकडे एक जण मशीन बदलणार होता. त्याची जुनी मशीन नऊ हजारांना घेतली. ती सुरू झाली तेव्हा जून लागला होता आणि बायांच्या घरात मिरची कुटून डबे भरून झाले होते. पहिल्या उन्हाळ्याचं तिचं उत्पन्न मोजायला एक हात पुरला असता. शिवाय जुन्या मशीनची मोटर दर वर्षी तापायची आणि दर वर्षी दुरुस्तीला पैसे जायचे. नवी घेता आली असती तर ते गेले नसते.

साळ्याने माझे दोन हजार तीनशे चाळीस त्याच पावसाळ्यात दिले, कारण मी त्याच्या घरी जाऊन बसलो. वहिनीचे साडेतीन हजार राहिले. दिवाळीला त्याने तिला पाचशे दिले. उरले तीन हजार. दुसऱ्या दिवाळीला तो साडी घेऊन आला आणि पैशांचं नाव काढलं नाही. त्यानंतर दर वेळी काही ना काही निघायचं. धान झालं नाही, शेतात बोअर मारली, पोराचं नाव शाळेत घातलं. शंभरीची मात्र दर वर्षी नवी काहीतरी दुरुस्ती व्हायची. वहिनी मागायची नाही. म्हणायची, "भाऊजी, तुम्ही सांगतलं त्याले, आता तो जाने." मी सणावारी त्याला आठवण द्यायचो. बायको म्हणायची, किती वर्षं तेच. मी म्हणायचो, देईपर्यंत.

२०१२च्या मार्चमध्ये मी मिलमधून येताना टपरीवर थांबलो. टपरी आता पक्की झाली होती. बाकावर पंचविशीतली तीन-चार पोरं मोबाइलवर जुन्या मोटारसायकलींचे फोटो बघत होती. अशा गाड्यांना आता मोठी किंमत आली होती. दुनालीसारखी मोटोक्रॉसची जुनी गाडी सापडली तर लोक एक लाखालाही घेतात, असं एक पोरगा सांगत होता. आणि मध्ये माझा साळा बसला होता, केस पांढरे झालेला.

"दुनाली!" तो म्हणत होता. "अरे, काय गाडी होती ते! माझ्या शंभरीसारख्या छप्पन आल्या तरी धुऱ्यावर तिच्यासारखी चढनारी नाही. पटात मी चालवलो तिले. पहिल्या फेरीत दोघाले टाकून गेलो. दम पायजे दम, पिकअपले काय चाटता?"

माझ्या भावाचं वाक्य. शब्द न् शब्द माझ्या भावाचं वाक्य, ज्यावर याने दहा वर्षं मांडीवर थापा मारल्या होत्या. मी बाकाच्या जवळ गेलो.

"अन् मंग काका, जिंकली का ते?" एका पोराने विचारलं.

"इंजिनात थोडा..." तो म्हणाला आणि त्याला मी दिसलो.

"बोल ना," मी म्हणालो. "भक्कम गाडी होती म्हणतोस ना? या पोरांसमोर म्हटलंस, दुनालीत खोट नव्हती. मग खोट कोणाची?"

"जिजाजी, बसा, चहा घ्या..."

"चहा नको. भक्कम होती, तर तीन हजार. कमजोर होती, तर या पोरांना तसं सांग आणि मी जातो."

पोरं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. त्यांना काही कळलं नव्हतं, पण आपल्या काकाला काहीतरी एक निवडावं लागतंय एवढं कळलं होतं. साळ्याने ग्लास खाली ठेवला. कमजोर म्हणाला असता तर संध्याकाळभर सांगितलेली सगळी शर्यत वाया जात होती. हे त्याने तोलून पाहिलं हे मला दिसलं, आणि याचा राग मला आजही आहे. आठ वर्षं बहिणीच्या जावेला जे दिलं नाही, ते तो चार अनोळखी पोरांसमोरच्या फुशारकीसाठी द्यायला तयार झाला.

"भक्कम होती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला माझ्यासोबत वहिनीकडे नेलं. मशीन चालू होती, ओसरीत मिरचीची धूळ उडत होती, आम्हा दोघांनाही शिंका आल्या. वहिनीने मशीन बंद केली नाही. रांगेत तीन बाया बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच त्याने पैसे काढले. वहिनीने हात पदराला पुसून ते घेतले आणि मोजले. तीन हजार रुपये, माझ्या साळ्याकडून माझ्या वहिनीला, पूर्ण.